रेंगी, बंडी आणि स्टेशन वॅगन

मराठीत ‘इस्टेट’ म्हणजे जमीनजुमला, घरदार, भावाभावांत वाटून घ्यायची मालमत्ता. १९९२ साली पुण्याच्या टेल्कोने आपल्या नव्या मोटारीला ‘टाटा इस्टेट’ हे नाव दिले. ज्यांनी ती पाहिली त्यांच्यापैकी बहुतेकांना ते श्रीमंती सुचवणारे नाव वाटले असणार. प्रत्यक्षात ते मोटारीच्या एका घडणीचे नाव आहे. छत शेवटपर्यंत सरळ गेलेले, मागे वर उघडणारा दरवाजा, मागची बैठक पाडली की आत सलग सपाट जागा, आणि जमिनीपासून फरशीची उंची मात्र साध्या मोटारीइतकीच, अशी ही घडण. इंग्लंडात जमीनदारांच्या इस्टेटीवर पाहुणे, शिकारीची कुत्री आणि सामानसुमान वाहून नेणारी म्हणून ती ‘इस्टेट कार’ झाली. अमेरिकेत रेल्वे स्टेशनावर उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत पोचवणारी म्हणून ती ‘स्टेशन वॅगन’ झाली. आपल्याकडे तिला स्वतःचे नाव मिळाले नाही. जिला नाव मिळाले नाही तिला जागाही मिळाली नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते उत्तर फार सोपे आहे.

मोटारींबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते एकतर जाहिरातीच्या अंगाने किंवा इंजिनाच्या अंगाने. घरे, मंदिरे, भांडी, दागिने यांच्या घडणीचा आपण समाजाशी संबंध लावतो. मोटारीच्या घडणीचा तसा विचार फारसा होत नाही. स्टेशन वॅगन या घडणीकडे मी तसे पाहणार आहे, आणि तेही गोंदिया जिल्ह्यातून. याचे कारण असे की ज्या गरजांतून ही घडण जन्मली त्या सगळ्या गरजा या जिल्ह्यात होत्या आणि आहेत. तरीही ती इथे रुजली नाही.

गरज जुनी आहे

गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासूनचे जंक्शन. हावडा-मुंबई या मुख्य मार्गावर ते आहे आणि पूर्वी इथून उत्तरेला जबलपूरकडे व दक्षिणेला चांद्याकडे छोट्या रेल्वेचे फाटे जात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा आहे. धानाची शेती, राईस मिल, तेंदूपत्ता, तलाव आणि नागझिरा-नवेगावचे जंगल ही त्याची ओळख. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली अनेक गावे रेल्वे आणि मुख्य रस्ता या दोहोंपासून दूर आहेत. स्टेशनावर उतरल्यावर खरा प्रवास सुरू होतो, ही इथली जुनी वस्तुस्थिती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी स्टेशनाबाहेर ज्या लाकडी बांध्याच्या मोटारी उभ्या राहत, त्यांचे कामही नेमके हेच होते.

मोटार येण्यापूर्वी आपल्याकडे या कामाची वाटणी दोन वाहनांत होती. रेंगी माणसांसाठी आणि बंडी मालासाठी. रेंगी हलकी, लहान, पळणाऱ्या बैलांची. पाहुणे, लेकीबाळी, नवरदेव यांच्यासाठी. बंडी जड. तिच्यात धान, तणस, लाकूडफाटा. बंडीत माणसे बसत नसत असे नाही. मंडईला किंवा प्रतापगडच्या जत्रेला जाताना तणस अंथरून अख्खे घर बंडीत बसे. पण मान रेंगीचा होता. घरात रेंगी असणे ही ऐपतीची खूण होती, आणि बंडी नुसती गरजेची. माणूस नेणारे वाहन मानाचे आणि माल नेणारे वाहन कामाचे, हा भेद मोटारीच्या आधीच आपल्या मनात पक्का झालेला होता. स्टेशन वॅगन ही घडण नेमका हा भेद पुसू पाहते. एकाच छपराखाली ती रेंगी आणि बंडी एकत्र करते. तिच्या आकर्षणाचे आणि अपयशाचे मूळ माझ्या मते इथे आहे.

आलेल्या आणि गेलेल्या गाड्या

परवान्यांच्या काळात भारतीय ग्राहकासमोर निवड अशी नव्हतीच. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी) आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढाच पसारा होता. या मोटारींची मागे छत वाढवलेली रूपे निघाली, पण ती प्रामुख्याने संस्थांच्या कामाला लागली. सामान्य माणसाने लांब छताची अ‍ॅम्बॅसडर पाहिली ती रुग्णवाहिका म्हणून. पुढे हेच रुग्णवाहिकेचे आणि शववाहिकेचे काम मॅटाडोरने उचलले. परिणामी, मागपर्यंत काचा असलेली लांब गाडी म्हणजे दवाखाना किंवा मोक्षधाम, अशी एक प्रतिमा तयार झाली. लग्नात नवरदेवाला अशा गाडीतून न्यायला कोणी तयार होईना, हे समजण्यासारखे आहे.

टाटा इस्टेट ही या प्रतिमेतून बाहेर पडण्याची पहिली मोठी खटपट. दिसायला ती त्या काळच्या मर्सिडीजच्या लांब गाडीची आठवण करून देणारी होती, आणि त्या दिवसांच्या मानाने तिच्यात सोयीही बऱ्याच होत्या. पण घडण म्हणून तिच्यात एक अंतर्विरोध होता. १९८८च्या टाटा मोबाइल या पिकअपच्या सांगाड्यावर ती उभी होती. त्याच सांगाड्यावर १९९१ची सिएरा आणि १९९४ची सुमोही निघाली. म्हणजे चेहरा मोटारीचा आणि खालचा देह मालवाहू गाडीचा. इस्टेट घडणीचा आत्मा असतो खाली असलेल्या फरशीत, आणि इथे तोच पातळ झाला. किंमत मोठ्या मोटारीची, चाल पिकअपची. सुमोने हाच सांगाडा घेतला आणि मोटार असल्याचे ढोंग सोडून दिले. दहा माणसे बसतील, टपावर कॅरिअर बसेल, खेड्यातला मिस्त्री दुरुस्त करील, एवढेच तिने सांगितले. सुमो २०१९पर्यंत चालली. इस्टेट नव्वदचे दशक संपता संपता नाहीशी झाली.

दुसरी लाट २०००च्या आसपासची. मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची वीकएंड, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा गाड्या काही वर्षांच्या अंतराने आल्या. या खऱ्या अर्थाने मोटारी होत्या, फरशी खाली असलेल्या. पण त्या शहरी मध्यमवर्गाच्याही वरच्या थराला उद्देशून होत्या. ‘वीकएंड’ हे नावच पाहा. शनिवार-रविवारी सहलीला जाणाऱ्या कुटुंबाची ती कल्पना. ज्याला आठवड्याचे सातही दिवस माणसे आणि सामान एकत्र न्यायचे आहे, तो माणूस त्या जाहिरातींत कुठेच नव्हता.

तिसरा प्रयत्न पुन्हा पुण्याचा. २००४ साली आलेली टाटा इंडिगो मरीना. या मालिकेतील घडण म्हणून सर्वांत प्रामाणिक गाडी मी हिला म्हणेन. इंडिका या छोट्या मोटारीची शेपटी वाढवून इंडिगो झाली आणि इंडिगोचे छत मागे नेऊन मरीना झाली. डिझेल इंजिन होते, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत होते, फरशी खाली होती आणि किंमत आधीच्या वॅगनींइतकी चढी नव्हती. गोंदियासारख्या जिल्ह्याला साजेशी वॅगन कोणती असे विचारले तर उत्तर मरीना हेच असते. तीही काही वर्षांतच बंद पडली.

नेहमीची तीन उत्तरे

या अपयशाची तीन कारणे सहसा दिली जातात. ती तपासून पाहू.

पहिले कारण डिक्कीचे. भारतीय माणसाला वेगळी डिक्की असलेली गाडीच प्रतिष्ठेची वाटते, असे म्हणतात. रेंगी-बंडीचा जो भेद वर सांगितला त्याच्याशी हे जुळते, म्हणून त्यात तथ्य आहे. सामान वेगळ्या पेटीत झाकले की गाडी रेंगी राहते. सामान पाठीमागे काचेतून दिसू लागले की ती बंडी होते. पण हे कारण पुरे पडत नाही. ज्यांनी डिक्कीशिवायची मरीना नाकारली, त्यांनीच स्कॉर्पिओ, इनोव्हा आणि पुढे एर्टिगा मोठ्या हौसेने घेतली. त्यांनाही वेगळी डिक्की नाही. तेव्हा नुसत्या डिक्कीच्या अभावाने गाडी हलकी ठरत नाही. ती उंचीने भरून काढता येते.

दुसरे कारण रस्त्यांचे. खराब रस्त्यांवर लांब आणि बुटकी गाडी घासते, म्हणून जीपच हवी. पावसाळ्यात दरेकसाच्या बाजूला गेलेल्या माणसाला हे पटेल. पण याच रस्त्यांवर चाकांची लहानशी मारुती व्हॅन, म्हणजे ओम्नी, वर्षानुवर्षे धावली. शाळेची मुले, किराणा, बँडवाल्यांचे ढोल, दंडारीच्या संचातले कलाकार आणि त्यांची पेटी-तबला हे सगळे तिने नेले. रस्ते अडचणीचे होते, पण ते निर्णायक नव्हते.

तिसरे कारण कराचे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली आहे. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी मोटार म्हणजे काय, याची व्याख्या ठरली: लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत. २००८मध्ये हा दर आणखी उतरून १२ टक्के झाला. एका रेषेने भारतीय मोटारीचा देह ठरवून टाकला. याचा सर्वांत बोलका पुरावा इंडिगोच्याच घराण्यात आहे. २००४ साली ज्या कंपनीने इंडिगोचे छत लांबवून मरीना केली, तिनेच २००८ साली त्याच इंडिगोची शेपटी छाटून ४ मीटरच्या आत बसणारी इंडिगो सीएस बाजारात आणली. पुढे २०१२मध्ये मारुतीची डिझायरही अशीच आखूड झाली. चार वर्षांत शेपटी वाढवण्याकडून शेपटी छाटण्याकडे झालेला हा प्रवास ग्राहकांच्या आवडीने झालेला नाही. तो मोजपट्टीने झाला.

मात्र इथे घाई करून चालणार नाही. मरीना २००६पूर्वीच लोकप्रिय झाली होती आणि करामुळे मेली, असे घडलेले नाही. अल्टुरा आणि स्विंगही त्याआधी रुजल्या नव्हत्या. म्हणून कराने वॅगनीला मारले असे म्हणता येत नाही. तिला दुसरी संधी मिळण्याचा रस्ता कराने बंद केला, एवढेच म्हणता येते. लांबी हीच जिची उपयुक्तता, तिला लांबीसाठीच दंड भरावा लागणार होता.

अमेरिकेतही असाच प्रकार वेगळ्या वाटेने घडला. १९७५च्या कायद्याने तिथे इंधन-बचतीचे निकष आले. मोटारींसाठी ते कडक होते आणि ‘हलक्या ट्रक’ या वर्गासाठी सैल. मोठी स्टेशन वॅगन मोटारींत मोजली जाई. १९८४च्या मॉडेलवर्षात आलेली क्रायस्लरची मिनीव्हॅन आणि नंतरच्या एसयूव्ही ट्रकांत मोजल्या गेल्या. कुटुंबे वॅगनीतून उठून तिकडे गेली. दोन्ही देशांत सरकारने ‘ही घडण बंद करा’ असे कधी म्हटले नाही. गाडी कोणत्या रकान्यात मोजायची ते ठरवले आणि घडण आपोआप बदलली.

काळ्या-पिवळीचे काम

तिन्ही कारणे अशी अर्धी-अर्धी उरतात. चौथे कारण माझ्या मते अधिक मूलभूत आहे. वॅगन बाजारात आली तेव्हा तिचे काम आधीच दुसऱ्यांनी वाटून घेतले होते.

१९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनने खालच्या बाजूने जागा घेतली. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, सरकता दरवाजा, जवळपास गुडघ्याच्या उंचीची फरशी, आणि मागची सीट काढली की मोकळी खोली. स्टेशन वॅगनीचे जे जे गुण, ते जवळपास सगळे तिच्यात होते, आणि ते कमी लांबीत व पुष्कळ कमी पैशांत. दुसऱ्या बाजूने जीप आली. ज्या विलीज कंपनीची जीप महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतली, त्याच विलीजने १९४६ साली अमेरिकेत पूर्ण पोलादी बांध्याची जीप स्टेशन वॅगन काढली होती. आपल्याकडे रुजली ती उघडी जीप. तिच्या मागे बाके टाकून, वर छप्पर चढवून आपण आपली वॅगन बनवली. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, मग सुमो, मॅक्स. काळा-पिवळा रंग चढला की ती ‘काळी-पिवळी’. गोंदियाहून आमगाव, आमगावहून सालेकसा, कोहमाऱ्याहून अर्जुनी हे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या एसटीच्या जोडीने तिनेच चालवले. २०२१-२२च्या हिवाळ्यात एसटीचा दीर्घ संप झाला, तेव्हा जिल्ह्यातल्या गावखेड्यांना काळ्या-पिवळीचाच मोठा आधार होता.

स्टेशनाबाहेर उभी राहून माणसे, पोती, कोंबड्या, नवी शिलाई मशीन आणि दवाखान्यातून सुटलेला म्हातारा असे सगळे एकत्र नेणारी गाडी, या अर्थाने काळी-पिवळी हीच आपली खरी स्टेशन वॅगन होय. शब्दाच्या मूळ अर्थाला ती मरीनापेक्षा अधिक जवळ आहे. फरक एवढाच की ती कुटुंबाची गाडी नव्हती. ती सीटवर विकली जाणारी गाडी होती, आणि या फरकाचे परिणाम मोठे आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सहापेक्षा जास्त व बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीला मॅक्सीकॅब म्हटले आहे. प्रत्यक्षात आकडा कायद्यात राहतो आणि माणसे दरवाजाला लटकतात. सामान टपावर जाते, कारण आतल्या इंच-इंच जागेवर भाडे बसते. जीपची फरशी कंबरेच्या आसपास असते. मागून चढायचे तर लोखंडी पायरीवर पाय देऊन, दांडा धरून अंग वर ओढावे लागते. लुगड्यातली बाई, गरोदर स्त्री, गुडघे दुखणारा माणूस यांना हे कसे जमते ते कोणत्याही बाजाराच्या दिवशी पाहावे. गाडी माणसांना नेते, पण त्यांना आधी मालासारखे वर चढवून घेते.

हरवले काय

या सगळ्यात हरवले काय, याचे उत्तर जुन्या मोटारींच्या हळहळीत शोधू नये. मरीना फार थोर गाडी नव्हती आणि ओम्नीत पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसे काही नव्हते. २०१९मध्ये नव्या सुरक्षा-नियमांच्या तोंडावर ओम्नी बंद झाली, ते योग्यच झाले. हरवले ते एक माप: खाली असलेली फरशी आणि सलग जागा यांचे एकत्र येणे. आजारी माणसाला आडवे निजवून, त्याच्या उशाशी घरच्या माणसाला बसवून, नागपूरच्या मेडिकलपर्यंत नेता येईल, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी धानाचे कट्टे नेईल, अशी ही सोय. २०१४पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या ही मोठीच गोष्ट आहे. पण दवाखान्यातून परत येण्याचा प्रवास, तपासणीच्या तारखांचे प्रवास, डायलिसिसचे प्रवास रोजच्या गाड्यांनीच होतात.

आजची मानाची गाडी उंच आहे. तिची जाहिरात उंचीची, रुबाबाची, वरून पाहण्याची आहे. सात बैठकांच्या गाडीत सातही माणसे बसली की सामानाला वीतभर जागा उरते. मग पुन्हा टपावर कॅरिअर. आखूड गाडीत उंची वाढवून जागेचा आभास निर्माण होतो, पण खोके उभे ठेवण्याची जागा आणि माणूस आडवा निजण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची ही बसलेल्या माणसाची सोय. लांबी ही निजलेल्या माणसाची, सामानाची, म्हणजेच अडचणीच्या वेळची सोय. आपण पहिली निवडली आणि कराने तिला साथ दिली.

सरकारने या वर्षांत गाडीची बरीच मापे घेतली. लांबी मोजली, इंजिन मोजले. २०१३ साली एसयूव्हीवर जास्त शुल्क लावताना गाडीच्या पोटाखालचे अंतरही मोजले, १७० मिलिमीटर. सप्टेंबर २०२५पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, छोट्या मोटारी १८ टक्क्यांवर आल्या आणि मोठ्या ४० टक्क्यांवर गेल्या. तरी ४ मीटरची रेषा जिथल्या तिथे आहे. या सर्व मापांत फरशी जमिनीपासून किती उंच आहे आणि दरवाजा किती रुंद उघडतो, ही दोन मापे कधी आली नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा गाडीशी संबंध नेमका या दोन मापांनी येतो.

रेंगी आणि बंडी पुन्हा वेगळ्या झाल्या, असे म्हणून हा शोध थांबवता येईल. एसयूव्ही ही रेंगी आणि छोटा हत्ती, पिकअप, काळी-पिवळी या बंड्या. पण जुन्या व्यवस्थेत ज्याच्याकडे रेंगी नव्हती त्याच्याकडे निदान स्वतःची बंडी असे, आणि बंडीची फरशी चढायला लेकराला कोणीतरी हात देई. आज ज्याच्याकडे रेंगी नाही तो दुसऱ्याच्या बंडीत सीट विकत घेतो. जिल्ह्याच्या परिवहनाचा अभ्यास करणाऱ्यांनी रस्त्यांच्या किलोमीटरबरोबर गाड्यांच्या पायऱ्यांची उंचीही नोंदवायला घ्यावी. टेपपट्टी घेऊन बसस्थानकाबाहेर उभे राहिले की सुरुवात होते.